ज्याची त्याची चूक

आमच्या बोरिवलीतील एका शाळेने नुकतीच आपली स्मरणिका प्रसिद्ध केली. तीत आजवरच्या सर्व शिक्षकांची नावे आहेत, असे मुखपृष्ठाच्या आतील बाजूस छापले आहे. हे विधान असत्य आहे. शालिनी साटम या गणिताच्या शिक्षिकेचे नाव तीत नाही. ज्या बाईंनी उमेदीची सगळी वर्षे त्या इमारतीत घालवली त्यांना वगळले आहे आणि एक सत्र संगीत शिकवून गेलेल्या गृहस्थांचे नाव मात्र उपाधीसह आहे. मी लेखी विचारणा केली. उत्तर आले नाही. स्मरणपत्र पाठवले. तेव्हा ‘सदर नावाची नोंद अद्ययावत यादीत आढळत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. माणूस यादीतून काढायचा आणि मग त्या यादीचाच दाखला द्यायचा! मी दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होतो. दाव्यांचे कागद सांभाळण्यात माझी हयात गेली. नोंद म्हणजे काय आणि ती कशी नाहीशी केली जाते, हे मला कोणी शिकवू नये. शाळा जी नोंद ठेवू इच्छित नाही, ती मी येथे ठेवतो.

साटम बाईंशी माझी ओळख भांडणातून झाली. माझी नात सई तेव्हा तिसरीत होती. तिच्या गणिताच्या वहीत एकही लाल खूण नव्हती. चुकलेल्या उदाहरणाशेजारी पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘इथे कशी आलीस?’ एवढेच लिहिलेले असे. वही तपासणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे आणि प्रश्न विचारणे म्हणजे तपासणे नव्हे, अशा आशयाचे सविस्तर पत्र टंकलिखित करून मी शाळेत गेलो. बाई वर्गाबाहेर भेटल्या. किरकोळ अंगकाठी, मान किंचित डावीकडे कललेली, आवाज इतका खालचा की ऐकण्यासाठी आपल्याला एक पाऊल पुढे जावे लागे. त्यांनी पत्र उभ्यानेच, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले. असे करणारा अधिकारी मला आजवर भेटलेला नाही.

“आजोबा, सईला घरी तुम्ही शिकवता का?”

“विषय तो नाही.”

“नाही, सहज विचारते. ती मोजताना सात गाळते.” मग त्यांनी पेन्सिलीचे टोक माझ्या पत्रावर टेकवले. “तुम्हीपण.”

पत्रातील परिच्छेदांना मी क्रमांक दिले होते. सहानंतर आठ होता.

“टंकलेखनाची चूक आहे,” मी म्हणालो.

“असू दे हो. दुरुस्त नका करू. मला फक्त बघायचं होतं, ती कुठून येते.”

घरी येऊन मी माझ्या पत्रांच्या प्रती काढल्या. महापालिका, वीज कंपनी, गृहनिर्माण संस्था, निबंधक, सर्वांना पाठवलेल्या. जे जे पत्र सहा परिच्छेदांच्या पुढे गेले होते, त्या प्रत्येकात सातवा परिच्छेद नव्हता. इतक्या वर्षांत हे एकाही कार्यालयाच्या ध्यानात आले नव्हते, माझ्याही नाही. त्या संध्याकाळी मला जेवण गेले नाही. आपल्या आत कोणीतरी बसून गुपचूप एक गोष्ट गाळत आहे, ही भावना सुखाची नसते.

बाईंचे एक आवडते वाक्य होते. “बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. त्यात मूल दिसत नाही. चूक ज्याची त्याची असते.” हे वाक्य त्या सुविचार सांगावा तसे सांगत नसत. घरी भाजी कोणती केली हे सांगताना जो आवाज लागतो, त्या आवाजात सांगत.

एकदा शाळेने निःपक्ष तपासणीचा प्रयोग केला. उत्तरपत्रिकेवरील नावाच्या पट्ट्या फाडून वेगळ्या ठेवायच्या, अशी ती योजना होती. शिपायाने पट्ट्या फाडल्या आणि कचऱ्यात टाकल्या. शिक्षकखोलीत हलकल्लोळ माजला. मी त्या दिवशी अन्य तक्रारीसाठी तेथे बसलेलो होतो, म्हणून पुढचे डोळ्यांनी पाहिले. बाईंनी तो बिननावी गठ्ठा पुढ्यात ओढला आणि अक्षराकडे ढुंकूनही न पाहता, केवळ चुका पाहत, एकेक कागद बाजूला ठेवू लागल्या. “ओंकार. तनिष्का. सई. हा यश, हा घाबरला की गुणाकाराची बेरीज करतो.” शेवटी एक कागद हातात राहिला. तो त्यांनी बराच वेळ धरला. “हा एकाचा नाही. वरून निहार आहे, खालून देवांश.” दोन्ही मुलांना बोलावले. त्यांनी पेपर अर्धा झाल्यावर आपसांत कागद बदलले होते, एकमेकांचे अक्षर गिरवून. दोघे रडत कबूल झाले. बाई रागावल्या नाहीत. “मला भेटलात ना दोघं? झालं तर,” म्हणाल्या. मुले त्यानंतर बाईंना अधिकच चिकटून उभी राहू लागली. सहकारी शिक्षिका मात्र त्यांच्या शेजारची खुर्ची टाळू लागल्या.

आणखी एक लकब सांगतो, जिच्याकडे मी तेव्हा दुर्लक्ष केले. जुन्या विद्यार्थ्यांबद्दल बाई कधीही भूतकाळात बोलत नसत. आमच्या बँकेचे शाखाधिकारी त्यांचे विद्यार्थी होते. टक्कल पडलेले, चष्मा लावणारे गृहस्थ. एकदा रांगेत त्यांची माझ्याशी ओळख करून देताना बाई म्हणाल्या, “हा मंदार. भागाकारात शून्य ठेवायला विसरतो.” विसरायचा नव्हे, विसरतो. मंदार खळखळून हसले. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, “अजूनही, बाई.” बाईंना त्यात नवल वाटले नाही. मूल त्यांच्या वर्गातून ज्या जागेवरून उठून गेले, त्या जागेवर ते त्यांच्या लेखी कायमचे बसलेले होते.

अशा बाईंच्या शाळेत ते यंत्र आले.

एका खाजगी कंपनीची संगणकावरील चाचणी शाळेने स्वीकारली. तिची माहिती द्यायला गळ्यात टाय बांधलेला एक तरुण आला आणि पालकांनाही बोलावले गेले. चाचणी सर्वांना एक नसते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकले की सोपा येतो. असे वरखाली करत यंत्र मुलाला त्या पायरीवर आणून उभे करते जेथे त्याला निम्मे येते आणि निम्मे येत नाही. ती पायरी म्हणजे मुलाचा अंक. वर्षातून तीनदा चाचणी, तीन अंकांचे तीन ठिपके, आणि ठिपके जोडले की रेघ. रेघ चढली तर मुलाची प्रगती. मुख्याध्यापिकाबाई भारावल्या होत्या. पुढे त्यांनी या रेघा व्हरांड्यात टांगल्या, रुग्णालयात खाटेला तक्ते टांगतात तशा. इतर शिक्षक पाठीमागे कुरकुरत होते. साटम बाई एकट्या पहिल्या बाकावर, मान कलती ठेवून ऐकत होत्या.

“म्हणजे मूल चुकेपर्यंत हे सोडत नाही?” त्यांनी विचारले.

“तसं नाही मॅडम, ते मुलाची लेव्हल शोधतं.”

“तेच म्हणते मी. चूक शोधतं.”

“हो… म्हणजे एका अर्थी.”

“आणि सापडली की लक्षात ठेवतं?”

“कायमची, मॅडम!” तो अभिमानाने म्हणाला.

“बरं आहे,” बाई म्हणाल्या. परगावी अवचित कोणी नात्यातले भेटावे, तसा तो स्वर होता.

पहिल्या चाचणीच्या दिवशी काही पालकांना मदतीला घेतले होते. मी देखरेखीसाठी म्हणून गेलो. संगणककक्षात विलक्षण शांतता होती. प्रत्येकाचा प्रश्न निराळा, त्यामुळे शेजारच्याकडे पाहूनही उपयोग नव्हता. एरवी खिदळणारी मुले एकेकटी होऊन पडद्याच्या उजेडात बसली होती. बाई केतकीच्या मागे उभ्या होत्या. केतकी ही सईची मैत्रीण, तेव्हा तिच्याबरोबर पाचवीत, जिभेचे टोक दातांत धरून विचार करणारी. बाईंचे ओठ हलत होते. मी जवळ गेलो. केतकीचा हात हलण्याच्या आधी बाई तिचे उत्तर पुटपुटत होत्या आणि केतकी तेच निवडत होती. बरोबर तर बरोबर, चूक तर चूक. कंपनीचा तरुण कौतुकाने म्हणाला, “मॅडम, तुम्ही तर मशीनपेक्षा फास्ट!” मग आणखी काही प्रश्न गेले. बाई पुटपुटत होत्या तो आवाज त्यांचा नव्हता, दहा वर्षांच्या मुलीचा होता, ‘स’च्या जागी किंचित ‘श’ येणारा, केतकीचा. तरुणाने हसणे आवरले आणि तो उगाच खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत केतकी तापाने गेली. चार दिवसांचे आजारपण. तिच्या आईवडिलांनी बोरिवलीच सोडली. शाळेत एक मिनिट शांतता पाळली गेली आणि तास पुढे चालू झाले. जानेवारीत बाई मला फाटकाशी भेटल्या. सईची चौकशी करून म्हणाल्या, “केतकी दशांशात चुकते. शंभर वेळा सांगितलं तरी तिला शून्य दशांश पस्तीस हे शून्य दशांश चारपेक्षा मोठं वाटतं. पस्तीस मोठे ना चारपेक्षा, म्हणून.” मी मान हलवली. त्यांची ती लकबच होती, असे मी स्वतःला सांगितले. पण घरी येईपर्यंत दोनदा मागे वळून पाहिले.

पुढच्या ऑगस्टात, मासळीबाजारात, भारतीने माझ्या हातात एक ओलसर कागद ठेवला. भारती गोराईची. खाडीपलीकडून टोपल्या घेऊन येणारी, माझी नेहमीची कोळीण.

“वकीलकाका, पापलेट मागनं बघा. आदी ह्यो कागद बघा.”

“मी वकील नाही. शिरस्तेदार होतो.”

“तेच ते. कोर्टात बसत होता ना? मग वाचा.”

तिची मुलगी जुई त्या जूनमध्ये सहावीला आमच्या शाळेत आली होती. सकाळी फेरीबोटीने खाडी ओलांडून येई. जुलैच्या चाचणीत जुईची प्रगती अपेक्षेच्या फार खाली गेली असून ही शाळा तिला मानवत नाही, तरी पालकांनी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जावा, असे त्या कागदात सौजन्यपूर्ण भाषेत लिहिले होते. सोबत रेघ होती. तीन ठिपके चढत गेलेले आणि चौथा, जुलैचा, कड्यावरून ढकलल्यासारखा खाली.

“माजी पोर हुशार हाय, काका. ती नापास व्हयाची नाय.”

“नापास म्हणत नाहीत. म्हणतात, घसरली.”

“घसरली? चढली कवा ती घसराया?”

“गेल्या वर्षी कुठे होती ही?”

“गोराईलाच. म्युन्सिपाल्टीच्या शाळेत.”

म्हणजे पहिले तीन ठिपके ज्या वर्षाचे होते, त्या वर्षी या मुलीने शाळेच्या इमारतीत पाऊलही ठेवलेले नव्हते. घटनास्थळी हजर नसलेल्या व्यक्तीला शिक्षा! मी पापलेट न घेताच घरी गेलो आणि पत्र लिहायला बसलो. शिक्षणहक्क कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी मला कक्षात बोलावून सांगितले, “काढत कुठे आहोत? आम्ही सुचवतोय.” सुचवतोय! दाखला तयार, सही तयार, तारीख येत्या शनिवारची. मी ठिपक्यांचा प्रश्न काढला. त्यांनी कंपनीला विचारले. कंपनीचे म्हणणे असे की, यंत्रात नोंदलेली चाचणी खोटी असू शकत नाही. मागील चाचण्या जुईच्या नसतील तर त्या कोणी दिल्या हे शाळेने सहीनिशी लिहून द्यावे, म्हणजे त्या काढून टाकता येतील. कोणी लिहून दिले नाही तर रेघ कायम, आणि रेघ कायम तर दाखलाही कायम.

चाचण्यांची जबाबदारी साटम बाईंकडे होती. मी तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. शाळा सुटली होती. रिकाम्या वर्गात त्या बाकावर बसल्या होत्या, मुलांच्या बाकावर, गुडघे आखडून. मी रेघ पुढे ठेवली. कागदावर नाव जुईचे होते. बाईंनी बोटाने रेघ गिरवली, सावकाश, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी.

“ही केतकी आहे,” त्या म्हणाल्या.

पुराव्याची सवय सुटत नाही. “पहिला ठिपका गेल्या जुलैचा. तो तिचा असेल. दुसरा डिसेंबरचा आहे आणि तिसरा मार्चचा. केतकी दिवाळीत गेली, बाई.”

बाईंनी खोडरबर घेतला आणि बाकावर जेथे काहीच लिहिलेले नव्हते तेथे घासू लागल्या.

“गोराईच्या पोरीला खरंच काढणार का हो?”

“शनिवारपर्यंत कोणी लिहून दिले नाही तर काढणार.”

“मग शनिवारी येते मी.”

शनिवारी दुपारी मुख्याध्यापिकांच्या कक्षात आम्ही पाच जण होतो. मुख्याध्यापिकाबाई, हेडक्लार्क पेडणेकर, भारती, साटम बाई आणि मी. जुई बाहेर व्हरांड्यात बसली होती. काचेतून तिच्या वेण्यांच्या रिबिनी दिसत होत्या. पेडणेकरांनी आपला भाग चटकन सांगून टाकला. नवीन मुलाला क्रमांक द्यायला कंपनी फार वेळ लावते. चाचणी दुसऱ्या दिवशीच होती. एक क्रमांक रिकामा होता. “मी फक्त नाव बदललं साहेब. मागचं सगळं आपोआप कोरं होईल असं वाटलं.”

“निकाली दाव्याचा क्रमांक आम्ही दुसऱ्या दाव्याला देत नाही, पेडणेकर!”

“साहेब, हे कोर्ट नाही.”

“ते दिसतेच आहे.”

“पण रिकामा कसा?” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “डिसेंबरला कोणीतरी चाचणी दिलीय. मार्चला दिलीय. मेलेली मुलगी देणार आहे का?”

भारतीने पदर तोंडाशी नेला.

“डिसेंबरची मी दिली,” साटम बाई म्हणाल्या.

नेहमीप्रमाणे सगळ्यांनाच थोडे पुढे वाकावे लागले.

“हजेरीत नाव काढलं नव्हतं. तिच्या जागेवरचा पडदा उघडा होता. नाव होतं, खाली ‘सुरू करा’. सगळी मुलं गेली तरी तो तसाच होता. मी बंद करायला बसले. पहिला प्रश्न आला तो तिला आला असता. म्हणून दिला. दुसरा तिला आला नसता. म्हणून चुकवला. मग ते यंत्र तिला ओळखायला लागलं.” बाई थांबल्या. “मला फक्त पाहायचं होतं, ती कुठवर जाते.”

“सगळं तिच्यासारखं? चुकासुद्धा?” पेडणेकरांनी विचारले.

“चुकाच.”

मुख्याध्यापिकाबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. “लिहून द्या. दोन्ही चाचण्या मी दिल्या, असं. याचे परिणाम तुम्हाला ठाऊक आहेत, साटम बाई. मला तुम्हाला ठेवता येणार नाही.”

“मार्चची मी दिली नाही.”

पंख्याच्या वाऱ्याने कोरा कागद उचलला गेला, तो मुख्याध्यापिकाबाईंनी दाबून धरला.

“मी मार्चमध्ये इथं नव्हतेच. आई गेली माझी. कणकवलीला होते.” हे खरे होते. मी नंतर शिक्षकांचा हजेरीपट पाहिला; त्या सबंध आठवड्यात बाईंची रजा आहे. संगणककक्षाची किल्ली पेडणेकरांकडे असते, आणि पेडणेकरांना साधा पाढा येत नाही हे सर्वज्ञात आहे.

“मग कोणी दिली?” मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज चढला.

“मला उत्तरं दाखवता?”

पेडणेकरांनी संगणकाचा पडदा बाईंकडे वळवला. बाई एकेक उत्तर वाचत खाली जाऊ लागल्या. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मध्येच त्या थबकल्या. पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. मी त्यांना इतकी वर्षे पाहिले. मुलाच्या चुकीपुढे त्या अडखळलेल्या मी तेव्हाच पाहिल्या.

“ही नवीन आहे,” त्या म्हणाल्या.

“काय नवीन?” मी विचारले.

“चूक. तिला जास्त आकड्यांचा दशांश मोठा वाटतो ना, आता उलटं झालंय. शून्य दशांश अठ्ठेचाळीस तिनं शून्य दशांश चारपेक्षा लहान धरलंय. मुलांना शतांश कळले, की मग ही चूक होते. शतांश दशांशाहून लहान असतात, म्हणून शतांशापर्यंत गेलेलं सगळंच लहान. ही पुढची पायरी आहे. पाचवीत कोणी करत नाही. सहावीत करतात.” त्यांनी पडद्यावर बोट टेकवले. “पण मागचं सगळं तिचंच आहे. हा हातचा, हे शून्य. तीच आहे. मोठी झालीय.”

भारती भिंतीला टेकली. पेडणेकरांनी खुर्ची मागे सरकवली. बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भय नव्हते. ते असते तर मला बरे वाटले असते.

“माझी सगळी मुलं जिथल्या तिथं राहतात, आजोबा. ही एकटीच पुढं गेली.”

“साटम बाई,” मुख्याध्यापिकाबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, “मला आज संध्याकाळपर्यंत कंपनीला कळवायचंय. दोन्ही चाचण्यांखाली एकाच माणसाची सही असेल तरच ते नोंद काढतील. कोण ते माहीत नाही, असं लिहिता येत नाही. नाहीतर या मुलीचा दाखला तयार आहे.”

बाईंनी काचेतून बाहेर पाहिले. जुई उठून उभी राहिली होती आणि व्हरांड्यात टांगलेल्या रेघांमध्ये स्वतःचे नाव शोधत होती.

“नोंद काढली की तिचं काय राहतं?”

“कोणाचं?” पेडणेकरांनी विचारले.

बाईंनी काचेवरून नजर काढली. “ती गोराईची मुलगी,” त्या मला म्हणाल्या, “तिची चूक मी अजून नीट पाहिलीच नाही. यंत्र तिला केतकीच्या पायरीवरून प्रश्न विचारत होतं, ती बिचारी घाबरून खाली खाली येत गेली. तिला तिच्या जागेवर बसू द्या आधी.” मग त्यांनी पेन्सिल काढली. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, पेन लागेल. बाईंकडे पेन नव्हते. माझे दिले.

‘दोन्ही चाचण्या मी दिल्या,’ असे लिहून शालिनी साटम यांनी खाली सही केली.

असत्य निवेदनावर सही होताना मी गप्प बसलो, असे आयुष्यात त्याआधी कधी घडले नव्हते. त्या सहीविरुद्ध मी कोठेही तक्रार केलेली नाही आणि करणार नाही. ती असत्य होती, हे मी येथे प्रथमच आणि पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. खरी चौकशी ज्यांनी करायची त्यांनी ती केली नाही. कंपनीला मी विचारले तेव्हा उत्तर आले की, मार्चची चाचणी शाळेच्या संगणककक्षातूनच, नेमून दिलेल्या जागेवरून आणि नेमून दिलेल्या वेळेत झाली असून तीत आक्षेपार्ह काही आढळत नाही.

पेडणेकरांनी आमच्यादेखत केतकीची रेघ काढून टाकली. त्याला फार वेळ लागला नाही. जुईला नवा क्रमांक मिळाला आणि दाखला मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः फाडला. भारती बाईंच्या पाया पडायला वाकली, बाईंनी तिला मध्येच धरले आणि म्हणाल्या, “उद्यापासून ती चुकली की रागवायचं नाही. काय आलं ते विचारायचं फक्त.” भारती म्हणाली, “मला कुठं कळतंय गणित?” बाई म्हणाल्या, “म्हणूनच.”

या बडतर्फीला आव्हान देता येईल, लवादापुढे दाद मागता येईल, हे सांगण्यासाठी मी त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेलो. मी हाक मारली. त्यांनी ऐकली नसावी. खांद्याला पिशवी होती. त्या लिंक रोडच्या कडेला उभ्या राहिल्या. दुपारची वेळ होती, दोन्ही बाजूंनी वाहने भरधाव जात होती. त्यांनी आधी उजवीकडे पाहिले, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, एकट्या माणसाला लागते त्याहून अधिक काळजीपूर्वक. मग त्यांचा डावा हात पिशवीवरून निघाला आणि कमरेखाली, थोडा बाजूला, बोटे अर्धवट मिटलेली, असा स्थिरावला. त्या रस्ता ओलांडू लागल्या, छोट्या छोट्या पावलांनी, दर दोन पावलांवर किंचित थबकत. एक रिक्षा करकचून थांबली. बाई तिच्यापुढून पलीकडे गेल्या. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या, तरी रिक्षावाला तसाच, हात वर करून मागच्यांना अडवत, समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत थांबून राहिला होता.